घरगुती उपकरणांना फझी लॉजिक: गरज कुठे आणि हौस कुठे?

टिळकवाडीकर (धागाकर्ता)

घरातील काही उपकरणे स्वयंचलित करण्याचा विचार बरेच दिवस मनात घोळत आहे. त्यासाठी फझी लॉजिकवर (म्हणजे ‘थोडे’, ‘बरेच’ अशा अंदाजी शब्दांतल्या नियमांवर) आधारलेले नियंत्रण वापरावे की साधे चालू-बंद स्विच पुरेत, याविषयी जाणकारांचे मत हवे आहे. माझ्यासमोर तीन उपकरणे आहेत. पहिले म्हणजे दिवाणखान्यातील छताचा पंखा. बेळगावची हवा मार्च-एप्रिलमध्ये कोरडी आणि उष्ण, तर जूननंतर गार पण ओलसर असते. त्यामुळे केवळ तापमान पाहून पंख्याचा वेग ठरवणे मला पटत नाही. दुसरे उपकरण संपमधून (जमिनीखालच्या टाकीतून) गच्चीवरील टाकीत पाणी चढवणारा पंप, आणि तिसरे न्हाणीघरातील १५ लिटरचा गीझर. याखेरीज घरातील वॉशिंग मशीनवर ‘फझी लॉजिक’ असे ठळक अक्षरांत छापलेले आहे, परंतु ते यंत्र नेमके काय मोजते आणि त्यावरून काय ठरवते, हे विक्रेत्याला सांगता आले नाही.

जिथे माणूस ‘जरा जास्त’, ‘बेताचे’, ‘अंमळ थांबून’ अशा भाषेत निर्णय घेतो, तिथे ही पद्धत उपयोगी पडावी असे माझे प्राथमिक मत आहे. आर्डुइनोवर (प्रोग्राम करता येणाऱ्या छोट्या सर्किट बोर्डवर) थोडेफार काम करता येते आणि सोल्डरिंगही जमते. तेव्हा कृपया तपशिलात लिहावे.

नळाची_वाट

आमच्या गल्लीत सर्वांत फझी गोष्ट म्हणजे नळाला पाणी येण्याची वेळ. तिच्यासाठी एखादा नियंत्रक निघाल्यास पहिली नोंदणी माझी समजावी.

गणिताचे_मास्तर

टिळकवाडीकर, आपले प्राथमिक मत बरेचसे बरोबर आहे, आणि या पद्धतीचा इतिहासही तेच सांगतो. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील लोत्फी झादेह यांनी १९६५ मध्ये फझी संचांवरचा निबंध प्रसिद्ध केला. नेहमीच्या संचात एखादी वस्तू असते किंवा नसते. झादेह यांच्या संचात ती ० ते १ यांच्या दरम्यानच्या कोणत्याही प्रमाणात असू शकते. त्यानंतर काही वर्षे हा विषय बहुतांशी कागदावरच राहिला. पुढे १९७० च्या दशकाच्या मध्यास लंडनच्या क्वीन मेरी कॉलेजात एब्राहिम ममदानी आणि त्यांचे विद्यार्थी असिलियन यांनी एका लहान वाफेच्या इंजिनावर तो प्रत्यक्ष वापरून दाखवला. इंजिनाचे संपूर्ण गणिती प्रारूप मांडण्याऐवजी त्यांनी अनुभवी चालक जसे नियम सांगेल तसेच नियम लिहिले: दाब बराच कमी असेल आणि तो वाढत नसेल, तर उष्णता पुष्कळ वाढवा. १९८७ मध्ये जपानमधील सेंदाई शहराची भुयारी रेल्वे सुरू झाली, तेव्हा हिताचीने तिच्या गाड्यांचा वेग आणि ब्रेक याच पद्धतीने नियंत्रित केले होते. १९९० मध्ये मात्सुशिताने फझी वॉशिंग मशीन बाजारात आणले आणि त्यानंतर जपानमध्ये हा शब्द इतका गाजला, की भात शिजवण्याच्या कुकरपासून व्हॅक्यूम क्लीनरपर्यंत सर्वांवर तो झळकू लागला. आपल्याकडील यंत्रांवरची छपाई त्याच लाटेतली आहे.

म्हणून पहिला प्रश्न विचारायचा तो असा: या उपकरणाबाबत मला सूत्र माहीत आहे, की केवळ अनुभव आहे? सूत्र असेल तर ते वापरावे. फक्त अनुभव असेल आणि तो शब्दांत सांगता येत असेल, तर फझी लॉजिकचा विचार करावा.

चिकोडी_मेकॅनिक

वॉशिंग मशीनबद्दल मी सांगतो, कारण उघडून पाहणे हा माझा रोजचा धंदा आहे. चांगल्या यंत्रात दोन गोष्टी मोजल्या जातात. एक म्हणजे कपड्यांचा भार. पाणी भरण्यापूर्वी मोटर थोडी फिरवून सोडून देतात आणि ती किती लवकर थांबते, यावरून आत किती कपडे आहेत याचा अंदाज बांधतात. दुसरी गोष्ट पाण्याचा गढूळपणा. पाण्याच्या वाटेत एका बाजूला प्रकाश देणारा दिवा आणि समोर तो टिपणारा संवेदक असतो. चिखलाचा मळ पाण्यात पटकन सुटतो, म्हणून गढूळपणा झपाट्याने वाढून एका पातळीवर थांबतो. तेलकट मळ मात्र सावकाश सुटत राहतो, म्हणून गढूळपणा बराच वेळ चढत जातो. गढूळपणा किती आहे आणि तो कोणत्या गतीने बदलतो आहे, या दोन आकड्यांवरून नियमांच्या आधारे धुण्याचा वेळ ठरतो. खरे फझी वॉशिंग मशीन ते हे.

परंतु आपल्या भागात जी स्वस्त टॉप लोड यंत्रे येतात, त्यांतील बऱ्याच यंत्रांत गढूळपणाचा संवेदक मला सापडत नाही. ती केवळ भार मोजून पाण्याची पातळी ठरवतात. तेवढेही वाईट नाही, मात्र आपल्याकडे कपडे आधी बादलीत साबणाच्या पाण्यात भिजवून, घासून, मग ओलेच यंत्रात टाकण्याची पद्धत आहे. ओल्या कपड्यांचा भार जास्त भरतो आणि यंत्र गरजेपेक्षा जास्त पाणी घेते. गिऱ्हाईक मग ‘मशीन पाणी खाते’ अशी तक्रार घेऊन येते. कपडे कोरडे टाकावेत आणि भिजवण्याचे काम यंत्रातच करावे, एवढे सांगितले की निम्म्या तक्रारी मिटतात.

हिंडलगेकर

मेकॅनिकसाहेबांच्या मुद्द्याला एक पुरवणी जोडतो. पावसाळ्याच्या सुरुवातीला राकसकोप जलाशयाचे असो की हिडकलच्या, नळाचे पाणीच काही दिवस लालसर येते. ज्या यंत्रात गढूळपणाचा संवेदक आहे, त्याने सुरुवातीच्या पाण्याशी तुलना केली तर ठीक. अन्यथा स्वच्छ साडीही त्याला शेतातून आलेली वाटेल आणि ते धूत बसेल.

गणिताचे_मास्तर

पंख्याचे उदाहरण आकड्यांत करून दाखवतो, म्हणजे आत काय घडते ते स्पष्ट होईल. तापमानाचे दोन संच घेऊ. ‘सुखद’ हा संच २५ अंशांपर्यंत पूर्ण १ आणि तिथून उतरत २९ अंशांना ०. ‘उबदार’ २५ ला ० आणि २९ ला १. आर्द्रतेचेही दोनच संच: ‘कोरडी’ ५० टक्क्यांना १ आणि ९० ला ०, ‘दमट’ याच्या बरोबर उलट. वेगाचे तीन आकडे धरू: मंद २०, मध्यम ५०, जलद ८० टक्के.

नियम चार. सुखद आणि कोरडी असेल तर मंद. सुखद आणि दमट असेल तर मध्यम. उबदार आणि कोरडी असेल तरीही मध्यम. उबदार आणि दमट असेल तर जलद.

आता समजा खोलीत २७ अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता आहे. सुखद ०.५, उबदार ०.५, कोरडी ०.२५, दमट ०.७५. प्रत्येक नियमातील दोन आकड्यांपैकी लहान घ्यायचा आणि एकाच उत्तराकडे जाणारे दोन नियम असतील तर त्यांतील मोठा घ्यायचा. मंदला ०.२५, मध्यमला ०.५, जलदला ०.५ असे वजन मिळते. भारित सरासरी काढली, तर ५ अधिक २५ अधिक ४० म्हणजे ७०, त्याला वजनांच्या बेरजेने म्हणजे १.२५ ने भागून ५६ टक्के वेग येतो. तापमान अर्ध्या अंशाने वाढून २७.५ झाले, तर हाच वेग ५९ टक्के होतो. साध्या थर्मोस्टॅटसारखी इथे उडी नाही, कारण चारही नियम आपापल्या प्रमाणात एकाच वेळी बोलत असतात. आर्डुइनो उनोच्या चिपमध्ये २ केबी रॅम असते आणि एवढ्या हिशोबाला ती पुरून उरते.

खानापूरची_माहेरवाशीण

मास्तर, आपली मांडणी सुरेख आहे, पण ती शहरातली आहे. माझे माहेर खानापूरच्या पुढे, जांबोटीच्या बाजूला. तिथे जुलैमध्ये तापमान २१ अंश आणि आर्द्रता ९५ टक्के अशी स्थिती दिवसेंदिवस असते. आपल्या नियमांप्रमाणे सुखद पूर्ण १ आणि दमट पूर्ण १, म्हणजे घरातले सगळे लोक घोंगडी पांघरून बसलेले असताना पंखा ५० टक्के वेगाने फिरणार.

उपाय सोपा आहे. ‘थंड’ असा तिसरा संच घालावा, जो २० अंशांना १ आणि २४ अंशांना ० असेल, आणि त्याच पट्ट्यात ‘सुखद’ ० पासून १ पर्यंत चढावा. थंड असेल तर आर्द्रता काहीही असो, वेग शून्य. मग २१ अंशांना थंड ०.७५ आणि सुखद ०.२५ येऊन वेग १२.५ टक्के निघतो. तोही नको असेल तर १५ टक्क्यांखाली पंखा बंद, असा साधा नियम शेवटी जोडावा. संच कुठे सुरू व्हावा आणि कुठे संपावा हे पुस्तकात मिळत नाही. त्या घरात राहणाऱ्या माणसालाच ते विचारावे लागते. आमच्या आईच्या आणि वडिलांच्या ‘थंड’मध्येच तीन अंशांचा फरक आहे, त्यावर कोणते लॉजिक लावावे हे मात्र मला उमगलेले नाही.

गणिताचे_मास्तर

ताई, तिसरा संच हवाच. खोलीतील प्रत्येकासाठी वेगळे संच ठेवण्याची सोय गणितात आहे, घरात नाही.

उद्यमबागचा_टर्नर

इथे थोडा विरोधी सूर लावतो, राग नसावा. मास्तरांनी केलेला सगळा हिशोब एकदाच करून तापमान आणि आर्द्रतेचा एक तक्ता तयार केला आणि तो चिपमध्ये साठवला, तर पंख्याला काहीही फरक कळणार नाही. नियम एकदा ठरले की प्रत्येक जोडीला एकच उत्तर आहे. म्हणजे फझी लॉजिक ही तक्ता भरण्याची सोयीस्कर पद्धत आहे, तिच्यात शहाणपण नाही. शहाणपण नियम सांगणाऱ्याचे. आमच्या फाउंड्रीतील भट्टीवरचा जुना माणूस ज्वाळेचा रंग पाहून सांगतो की अजून थोडे थांबा. त्याचे म्हणणे तक्त्यात उतरवता आले तरच पुढचे सगळे.

दुसरा मुद्दा पैशांचा. साधा छताचा पंखा ७० ते ७५ वॅट घेतो. बीएलडीसी (ब्रश नसलेल्या डीसी मोटरचा) पंखा पूर्ण वेगालाही साधारण २८ ते ३५ वॅट घेतो. जुना पंखा रोज दहा तास चालला तर पाऊण युनिट, नवा चालला तर ०.३ च्या आसपास. गृहज्योती या कर्नाटकच्या मोफत विजेच्या योजनेची २०० युनिटची मर्यादा ज्यांच्या डोक्यावर टांगलेली आहे त्यांनी आधी पंखा बदलावा, लॉजिकचे नंतर पाहावे.

टिळकवाडीकर

टर्नरसाहेब, आपला मुद्दा मान्य आहे, पण तक्ता भरण्याची सोय हीच माझ्यासारख्याला हवी आहे. तापमानाच्या आणि आर्द्रतेच्या प्रत्येक जोडीला हाताने वेग ठरवत बसण्यापेक्षा सहा-सात वाक्ये लिहिणे मला परवडते, आणि पुढच्या उन्हाळ्यात काही खटकले तर नेमके कोणते वाक्य बदलायचे हेही कळते. आता गीझरबद्दल कोणी सांगेल का? आमच्या भागात संध्याकाळी व्होल्टेज उतरते आणि पाणी तापायला कधी कमी तर कधी फार वेळ लागतो. तिथे फझी नियम लावावेत असे वाटते.

उद्यमबागचा_टर्नर

तिथे तर मुळीच लावू नका, कारण तिथे सूत्र आहे. १५ लिटर पाणी २० अंशांवरून ५५ अंशांवर न्यायला सुमारे २२०० किलोज्यूल लागतात. २ किलोवॅटचा गीझर पूर्ण २३० व्होल्टवर ते काम १८ मिनिटांत करतो. व्होल्टेज १९० वर आले तर गीझरची शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते, म्हणजे जवळपास १३६५ वॅट उरते, आणि तेच पाणी तापायला २७ मिनिटे लागतात. वीज दोन्ही वेळा सारखीच, ०.६ युनिटच्या आसपास. येणाऱ्या पाण्याचे तापमान आणि व्होल्टेज मोजा, भागाकार करा आणि अंघोळीच्या तितकी मिनिटे आधी गीझर चालू करा. यात ‘जरासे’ आणि ‘बेताचे’ यांना जागाच नाही. मास्तरांनी सुरुवातीलाच सांगितले होते, सूत्र असेल तर सूत्र वापरा.

निपाणीकर

थोडे विषयांतर होईल, पण ते फार लांबचे नाही. भाताच्या साध्या विद्युत कुकरमध्ये एकही चिप नसते, तरी भात झाल्याचे त्याला कळते. भांड्याच्या तळाशी एक चुंबक स्प्रिंगच्या विरुद्ध चिकटलेला असतो. पाणी आहे तोवर तळ पाण्याच्या उत्कलनबिंदूजवळच राहतो; पाणी भातात मुरले की तापमान वर सरकते, शंभरच्या थोडे वर गेले की त्या चुंबकाचे आकर्षण संपते, स्प्रिंग स्विच ओढते आणि ‘खट्’ आवाज होतो. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंच असल्यामुळे आपल्याकडे पाणी साधारण साडेसत्त्याण्णव अंशांनाच उकळते, तरीही ही युक्ती बिनचूक चालते.

मात्र तिला नवा तांदूळ आणि जुना तांदूळ यांतला फरक कळत नाही. बेळगाव बासमती नवा असेल तर पाणी कमी लागते आणि आंच लवकर कमी करावी लागते. जुना असेल तर आधी भिजत ठेवून मग सावकाश. जपानी फझी कुकर तापमान कोणत्या गतीने चढते यावरून आत किती तांदूळ आणि किती पाणी आहे याचा अंदाज बांधतात आणि भिजवणे, उकळणे, वाफेवर मुरवणे यांचे वेळ त्याप्रमाणे सैल किंवा घट्ट करतात. इथे मला फझीची गरज पटते, कारण भाताचे सूत्र कोणाकडेच नाही. आहे ते रांधणाऱ्याच्या हाताला.

नळाची_वाट

निपाणीकर, संध्याकाळी साडेसातला हा प्रतिसाद वाचायला लावून आपण फार अन्याय केला आहे.

वडगावचा_माग

वर तापमान चढण्याच्या गतीचा उल्लेख आला, म्हणून लिहितो. आमच्या घरात रेशमाचे माग आहेत, घर आणि मागाची खोली यांत एक भिंत. मार्चमध्ये हवा कोरडी पडली की ताण्याचे धागे तुटू लागतात, म्हणून फरशीवर पाणी शिंपडायचे आणि खिडक्यांना ओली गोणपाटे लावायची ही जुनी रीत. मी तिथे एक लहान फवारा बसवला आहे. आधी आर्द्रता ठरावीक आकड्याखाली गेली की तो चालू आणि वर गेली की बंद, असे केले होते. परिणामी खोली कधी ओलीचिंब, कधी कोरडी. नंतर दोन गोष्टी पाहणारे नियम लिहिले: आर्द्रता किती कमी आहे आणि ती किती वेगाने उतरते आहे. थोडी कमी आहे पण झपाट्याने उतरते आहे, तर आत्ताच बराच फवारा द्या. बरीच कमी आहे पण चढू लागली आहे, तर हात आखडता घ्या. हे नियम माझे नाहीत, माझ्या आजीचे आहेत; ती खिडकीतून येणाऱ्या वाऱ्याचा रोख पाहून पाणी शिंपडत असे. टिळकवाडीकरांनी पंख्यालाही बदलाची गती जोडून पाहावी.

हिंडलगेकर

पंपाबद्दल अजून कोणी लिहिले नाही. टाकी भरली की बंद, रिकामी झाली की चालू, यासाठी दोन पातळ्यांचा फ्लोट स्विच (पाण्यावर तरंगणारा स्विच) पुरतो. वरच्या पातळीला बंद आणि बऱ्याच खालच्या पातळीला चालू असे अंतर ठेवले की पंप वारंवार चालू-बंद होत नाही. २००८ पासून शहरातील ज्या प्रात्यक्षिक प्रभागांत चोवीस तास पाण्याची योजना आली, तिथल्या माझ्या नातेवाइकांना तर हा प्रश्नच कळत नाही. संपमधले पाणी संपले की पंप कोरडा चालू नये, ही अट मात्र कोणत्याही लॉजिकच्या हाती देऊ नये. तिथे ‘थोडे पाणी आहे’ असे काही नसते; पातळी खाली गेली की वीज तुटली पाहिजे.

चिकोडी_मेकॅनिक

हिंडलगेकरांशी शंभर टक्के सहमत, आणि गीझरलाही तेच लागू आहे. गीझरमधील थर्मोस्टॅट आणि जास्त तापल्यावर वीज तोडणारा कटआउट यांना हात लावायचा नाही. जे काही स्वयंचलन करायचे ते त्यांच्या बाहेर, योग्य क्षमतेच्या कॉन्टॅक्टरने (मोठा भार झेलणाऱ्या विद्युत स्विचने). साध्या आर्डुइनोच्या छोट्या रिलेवर २ किलोवॅटचा भार टाकून जळालेले बोर्ड माझ्याकडे नेहमी येतात.

पंख्याबाबत दोन सूचना. ट्रायॅकने (विजेची लहर कापणाऱ्या इलेक्ट्रॉनिक स्विचने) वेग बदलायचा तर विजेच्या लहरीचा शून्यबिंदू ओळखून, प्रत्येक अर्ध्या लहरीत, म्हणजे १० मिलिसेकंदांत, ठरावीक उशिराने ट्रायॅक चालू करावा लागतो. हे जमते, पण कापलेल्या लहरीमुळे साधा पंखा घुमतो आणि रात्री तो आवाज जाणवतो. कपॅसिटरचा रेग्युलेटर वापरला तर आवाज नाही, पण पाचच पायऱ्या मिळतात, म्हणजे मास्तरांचे ५६ आणि ५९ दोन्ही तिसऱ्याच पायरीवर येणार. टर्नर म्हणतात तसा रिमोटचा बीएलडीसी पंखा घेतला, तर त्याच्या रिमोटचे संकेत एका इन्फ्रारेड एलईडीने पाठवता येतात आणि २३० व्होल्टच्या तारेला हातही लावावा लागत नाही. घरात लहान मुले असतील तर माझे मत याच पद्धतीला.

टिळकवाडीकर

सर्वांचे आभार. पंपाला फ्लोट स्विच, गीझरला सूत्र आणि टाइमर, आणि पंख्याला फझी नियम, असे ठरवले आहे. पंखा बीएलडीसी घेईन. खानापूरच्या ताईंचा ‘थंड’ संच घेतो आणि वडगावकरांच्या सूचनेप्रमाणे तापमान बदलण्याची गतीही. आता शेवटचा प्रश्न उरतो तो संवेदकाच्या जागेचा. डीएचटी२२ हा तापमान आणि आर्द्रता मोजणारा संवेदक वापरणार आहे. दिवाणखान्याचे छत कौलारू आहे, खाली लाकडी माळा आहे. संवेदक कुठे बसवावा?

खानापूरची_माहेरवाशीण

माळ्याला मुळीच नको. दुपारी कौले तापली की तिथे खालच्यापेक्षा कितीतरी जास्त तापमान दाखवेल. पंख्याच्या थेट झोतातही नको आणि स्वयंपाकघराच्या दारासमोरही नको. बसल्यावर डोके जिथे येते त्या उंचीला, आतल्या भिंतीवर, भिंतीपासून बोटभर सुटा ठेवावा. पावसाळ्यात ओल धरणारी बाहेरची भिंत असेल तर ती टाळावी.

उद्यमबागचा_टर्नर

आणि पायऱ्यांच्या सीमेवर पंखा तीन-चार, तीन-चार करत बसू नये म्हणून, वेगाचे उत्तर सीमेच्या चार-पाच टक्के पलीकडे गेल्याशिवाय पायरी बदलायची नाही, अशी अट प्रोग्राममध्ये घाला. डीएचटी२२ दोन सेकंदांतून एकदाच वाचता येतो. आपल्याला मिनिटातून एकदा वाचला तरी चालेल.

वडगावचा_माग

गतीसाठी मात्र मागच्या दहा मिनिटांची सरासरी घ्या. एकाच मिनिटाचा फरक घेतला तर कोणी दार उघडले तरी पंखा दचकतो.